नियम जुना, यंत्र नवे

माल वेळेवर जात नाही, उधारी तुंबली आहे, साठ्यात किती माल आहे असे विचारले की तीन माणसे तीन आकडे सांगतात. अशी गाऱ्हाणी सांगणाऱ्या उद्योजकाला आज एकच सल्ला मिळतो: एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्या. तीस वर्षांपूर्वी हा सल्ला हिशेबाच्या पॅकेजचा होता, नंतर ईआरपीचा, म्हणजे सगळ्या विभागांचा कारभार एकत्र जोडणाऱ्या प्रणालीचा झाला, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. त्यामागचे गृहीतक तेच राहिले. धंद्यातली अडचण म्हणजे माहितीचा तुटवडा किंवा वेगाचा अभाव, आणि तो यंत्राने भरून निघतो, असे ते गृहीतक. मला ते उथळ वाटते. भोसरी, सातपूर, शिरोली इथल्या दहा-वीस माणसांच्या कारखान्यांना ते महागातही पडते, कारण फसलेला प्रयोग पुन्हा करण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. धंद्याचे जुनाट दुखणे बहुधा एखाद्या नियमात असते. तो नियम कधीकाळी एका खऱ्या मर्यादेवरची तोड म्हणून आलेला असतो. तंत्रज्ञान ती मर्यादा दूर करते, पण नियम आपल्या जागी बसून राहतो. तो मोडायला अधिकार लागतो. ज्याच्याकडे तो अधिकार आहे त्याने नियम मोडला नाही, तर नवे यंत्र जुन्याच नियमाची चाकरी जास्त वेगाने करत राहते. या विचाराचे बीज इस्रायली व्यवस्थापन-विचारवंत एलियाहू गोल्डरॅट यांचे आहे. २००० साली आलेल्या ‘नेसेसरी बट नॉट सफिशंट’ या कादंबरीत त्यांनी तो ईआरपीच्या संदर्भात मांडला. पुढच्या विवेचनात मी तो आपल्याकडच्या लहान उद्योगाला लावून पाहणार आहे, आणि जिथे तो अपुरा पडतो तेही सांगणार आहे.

१. वही आणि वहीमागचा नियम

पेठेतल्या जुन्या दुकानाची हिशेबपद्धत आठवा. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत, रोखीचा हिशेब रोजमेळात, माणसागणिक खाते खतावणीत. रोजमेळाची ताकद त्या लाल वहीत नव्हती. गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज दिवस संपवायचा नाही, या नियमात ती होती. वही कोणीही विकत आणू शकत होता. नियम मात्र रोज संध्याकाळी पाळावा लागे.

खतावणीची गोष्ट वेगळी. कीर्दीतल्या नोंदी एकेका खात्यावर चढवणे हे वेळखाऊ काम होते. ते सवडीने, बहुधा महिनाअखेरीस होई. म्हणून कोणाकडे किती येणे आहे ते महिनाअखेरीस कळे आणि तगादाही तेव्हाच जाई. ही मर्यादा खरी होती, आणि तिच्यावर बेतलेला नियमही शहाणपणाचा होता.

आज हिशेबाच्या कोणत्याही पॅकेजात बिल केल्याच्या क्षणी ते ग्राहकाच्या खात्यावर चढते. टॅलीसारख्या पॅकेजांनी ही सोय गल्लीबोळातल्या दुकानापर्यंत नेली, त्यालाही आता काही दशके झाली. तरीसुद्धा असंख्य ठिकाणी येणेबाकीची यादी महिन्याच्या शेवटीच काढली जाते. पाच तारखेला मुदत संपलेल्या बिलाचा पहिला फोन तीस तारखेला होतो. पंचवीस दिवसांचे हे भांडवल कोणी चोरलेले नाही. खतावणी हाताने लिहिण्याच्या काळातला नियम ते खातो आहे. इथे आणखी भारी सॉफ्टवेअर घेतल्याने काही होणार नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि तो अमुक माणसाने करायचा, एवढे मालकाने ठरवले तर हाताशी असलेले पॅकेज पुरते.

२. फोर्डने बिलच बंद केले

हाच युक्तिवाद मोठ्या आकारात पाहायचा असेल तर मायकेल हॅमर यांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेले फोर्ड कंपनीचे उदाहरण घ्यावे. ते जुने आहे, पण त्याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात, म्हणजे पुरवठादारांची बिले चुकती करणाऱ्या खात्यात, पाचशेहून अधिक माणसे होती. संगणकीकरण करून वीस टक्के माणसे कमी करावीत असा विचार चालला होता. मग कोणीतरी माझदाकडे पाहिले. तिथे हेच काम पाच माणसे करत होती. माझदा लहान कंपनी, हे धरूनही फोर्डचा विभाग हवा त्याच्या पाचपट फुगलेला होता.

काम चालायचे ते असे. खरेदी विभाग ऑर्डर काढी आणि तिची प्रत देणी विभागाला धाडी. माल आला की गोदामातून पावती येई. पुरवठादाराकडून बिल येई. या तीन कागदांवरच्या चौदा बाबी जुळल्या तर पैसे सुटत. माणसांचा बहुतेक वेळ जुळणाऱ्या कागदांवर जात नव्हता. जे जुळत नव्हते त्यांच्या मागे तो जात होता: फोन करा, पत्र पाठवा, पैसे अडवून ठेवा.

या कामाला संगणक जोडला असता तर तीन कागदांची जुळणी लवकर झाली असती, आणि वीस टक्क्यांची बचत झालीही असती. फोर्डने त्याऐवजी नियम बदलला. ‘बिल आल्यावर पैसे’ हा नियम काढून ‘माल आल्यावर पैसे’ हा नियम आणला आणि पुरवठादारांना बिल पाठवूच नका असे कळवले. माल उतरवून घेणारा कारकून संगणकावर ऑर्डर पाही. माल तिच्याशी जुळला तर घेई, नाही तर परत पाठवी. घेतला की पैशांची व्यवस्था आपोआप होई. जुळवायच्या बाबी चौदाच्या तीन झाल्या: सुट्या भागाचा क्रमांक, मोजमापाचे एकक, पुरवठादाराचा संकेतांक. जिथे ही पद्धत लागू झाली तिथे माणसे पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

जुना नियम का होता? माल उतरवून घेणाऱ्याला काय मागवले आहे ते कळायची सोय नव्हती, म्हणून. संगणकाने ती सोय केली, एवढेच त्याचे काम. बाकीचे काम अधिकाराच्या वाटपाचे होते. पैसे सोडण्याचा निर्णय वरच्या मजल्यावरच्या लेखापालाकडून काढून माल उतरवणाऱ्या कारकुनाच्या हाती द्यायचा होता. आपल्याकडच्या किती मालकांना हे पचेल? अडचण इथेच असते, आणि सॉफ्टवेअर विकणारा तिच्याबद्दल बोलू शकत नाही, कारण ती त्याच्या विक्रीच्या वस्तूत बसत नाही.

विजेचा इतिहासही असाच आहे. एडिसनचे न्यूयॉर्कमधले वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेने मोठी झेप घेतली ती १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली त्याचे कारण दाखवले. वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या लांब दांड्याभोवती यंत्रे मांडलेली असत. वीज आल्यावर अनेकांनी इंजिनाच्या जागी मोटर बसवली. दांडा आणि यंत्रांची मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कामाच्या ओघाप्रमाणे मांडणी करायला पुढची पिढी यावी लागली.

३. एक्सेल : ज्याचा त्याचा नियम

लहान उद्योगाचा खरा कारभार ईआरपीवर चालत नाही, एक्सेलवर चालतो. म्हणून एक्सेलकडे जरा नीट पाहायला हवे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क आणले तेव्हा प्रथमच सामान्य व्यवस्थापकाला प्रोग्रामर न बोलावता हिशेबाचा नियम स्वतः लिहिता आला. ही फार मोठी मुक्ती होती, आणि मी तिचा चाहता आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की नियम चौकटीच्या आत दडला. वरून आकडा दिसतो. तो ज्या सूत्रातून आला ते दिसत नाही, आणि त्या सूत्रावर कोणाची सहीही नसते.

२०१० साली दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी, सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेले की वाढीला ओहोटी लागते असा निष्कर्ष मांडला. काटकसरीच्या राजकारणाने तो उचलून धरला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून पाहिली तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्याचे निघाले. पद्धतीतले इतर दोषही धरून दुरुस्ती केल्यावर उणे ०.१ टक्क्याची सरासरी २.२ टक्के झाली. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाच्या चाचण्यांचे निकाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत भरले जात होते. तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या नोंदी मुकाट्याने गळल्या, आणि १५,८४१ बाधितांची नावे संपर्क शोधणाऱ्यांकडे वेळेत पोचली नाहीत.

या दोन्हींवरून ‘एक्सेल टाकून द्या, मोठी यंत्रणा आणा’ असा निष्कर्ष काढतात. मी वेगळा काढतो. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा वहीच्या काळातला नियम एक्सेलमध्ये आल्यावर कोणी मोडायचे ठरवले नव्हते; तो नकळत सुटला. मर्यादा गेल्यावर जो नियम मोडायला हवा तो टिकतो आणि जो टिकायला हवा तो गळतो, अशी दुहेरी हानी इथे दिसते.

शब्दांचेही तसेच. समजा, एका कारखान्यात ‘माल तयार’ हा रकाना तीन शीटमध्ये आहे. यंत्रावरच्या माणसाच्या लेखी काम यंत्रावरून उतरले की माल तयार. तपासणीवाल्याच्या लेखी मापे तपासून झाली की तयार. विक्री पाहणाऱ्याच्या लेखी खोक्यात भरून चलन निघाले की तयार. तिघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तिन्ही शीट एका यंत्रणेत जोडल्या तर तीन बरोबर आकड्यांचा एक चुकीचा आकडा होतो, आणि तो मोबाइलवर रंगीत आलेखात दिसतो. पूर्वी मालक खाली जाऊन माल डोळ्यांनी बघत असे. आता तो आलेखावर विसंबून ग्राहकाला तारीख देतो.

४. आक्षेप : शिस्त सॉफ्टवेअरच लावते

यावर जाणकार उद्योजक जे म्हणतील ते मला माहीत आहे. नियम वगैरे ठरवायला आम्हाला फुरसत कुठे? उलट सॉफ्टवेअर घेतले की त्याच्या निमित्ताने शिस्त येते. जीएसटीने नाही का आणली?

जीएसटीचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. हिशेबाची पॅकेजे जीएसटीच्या कितीतरी आधीपासून दुकानादुकानात होती, आणि त्यांच्या शेजारीच कच्ची बिलेही सुखाने नांदत होती. १ जुलै २०१७ नंतर जे बदलले ते नियमाने बदलले. विशेषतः २०२२ पासून, पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नसेल तर खरेदीदाराला त्यावरच्या कराची वजावट मिळेनाशी झाली. खरेदीदारच पुरवठादाराच्या मागे लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झालेले ई-बिल ऑगस्ट २०२३ पर्यंत पाच कोटींवरच्या उद्योगांपर्यंत आले. संगणकाशिवाय हा नियम राबवता आला नसता, हे खरे. पण शिस्त लावली ती वजावट अडवण्याच्या अधिकाराने.

याच आक्षेपाचे मोठे रूप असे: नामांकित ईआरपीत जगभरच्या उत्तम पद्धती आधीच भरलेल्या असतात, त्या स्वीकारा म्हणजे झाले. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ पासून सात वर्षे आणि सुमारे पन्नास कोटी युरो घालवून २०१८ साली आपला ईआरपी प्रकल्प सोडून दिला. जी कारणे बाहेर आली त्यांत एक असे की लिडल साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरत असे आणि त्या प्रणालीची मूळ घडण विक्रीच्या किमतीवर होती. कंपनीने आपली रीत न बदलता प्रणाली बदलायला घेतली आणि गुंता वाढत गेला. लिडलची रीत चूक होती असे मी म्हणत नाही. ‘साठ्याचे मूल्य’ या दोन शब्दांचा अर्थ कोणाचा चालणार, हा निर्णय पहिल्या महिन्यात व्हायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे.

५. आक्षेप : कृत्रिम बुद्धिमत्ता वेगळी आहे

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून असे सांगितले जाते की आता रकाने, व्याख्या, नियम यांची गरजच नाही. हस्ताक्षरातले चलन, व्हॉट्सअॅपवरची ऑर्डर, अर्धवट वाक्ये, सगळे यंत्राला समजते.

समजते, बऱ्याच अंशी. आणि फायदाही मोजला गेला आहे. एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ग्राहकसेवेतल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. संभाषण चालू असताना उत्तरे सुचवणारी प्रणाली दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी चौदा टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांचा फायदा चौतीस टक्के. मुरलेल्यांचा जवळपास नाहीच. इथे मला माझे विधान सैल करावे लागते. मुरलेल्या माणसांच्या बोलण्यातला अलिखित नियम यंत्राने उचलला आणि नवख्याच्या हाती दिला. कोणी बसून तो लिहून काढला नव्हता. जुन्या कारागिराबरोबर निवृत्त होणारे ज्ञान असे टिकवता आले तर आपल्या कारखान्यांना ते सोन्याइतके मोलाचे आहे.

पण त्या अभ्यासात ‘तक्रार सुटली’ म्हणजे काय ते आधी ठरलेले होते, आणि उत्तर ग्राहकाला द्यायचे की नाही हे माणूस ठरवत होता. हे दोन्ही काढून घेतले की काय होते ते एअर कॅनडाच्या प्रकरणात दिसले. या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बोलत्या यंत्राने एका प्रवाशाला, कुटुंबातल्या मृत्यूनिमित्तच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येईल, असे सांगितले. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने दाद मागितली तेव्हा, हे यंत्र स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. यंत्राला भाषा अवगत होती. कंपनीच्या वतीने वचन देण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, हे कोणी ठरवले नव्हते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ऑर्डरला यंत्राकरवी ‘मंगळवारी पाठवतो’ असे उत्तर देऊ पाहणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकापुढे हाच प्रश्न आहे.

६. जिथे नियम आपल्या हातात नसतो

आतापर्यंत मी धरून चाललो की नियम मोडण्याचा अधिकार मालकाकडे आहे. लघुउद्योगाच्या सर्वांत मोठ्या दुखण्यात तो नसतो. गोल्डरॅटचा विचार मला इथेच अपुरा वाटतो. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्याचे पैसे नव्वद, एकशेवीस दिवस अडकतात. त्याला सॉफ्टवेअर विकणारा स्मरणपत्रांची सोय दाखवतो. पण पैसे विसरल्यामुळे राहिलेले नसतात. पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तो मागू शकत नाही, आणि हे खरेदीदाराला ठाऊक असते.

कायदा दुबळा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आणली: सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे मुदतीत दिले नाही, तर प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच ते खर्च म्हणून धरता येईल. तेव्हा अनेक लहान उद्योजकांनाच धास्ती वाटली की खरेदीदार आता आपल्याला सोडून दुसरीकडे वळतील. ज्याच्या रक्षणासाठी नियम आला त्यालाच त्याची भीती वाटावी, यात त्या उद्योजकाची खरी स्थिती कळते.

तंत्रज्ञानही दुबळे नाही. थकलेल्या बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणाऱ्या, २०१७ पासून चालू असलेल्या ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेच्या मंचांवर पुरवठादार आपले बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात, आणि एक-दोन दिवसांत पैसे पुरवठादाराच्या खात्यात येतात. मुदत संपल्यावर वसुली खरेदीदाराकडून होते; त्याने बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. रचना अतिशय सुंदर आहे. पण सगळी यंत्रणा एका जागी अडते: खरेदीदाराने ‘मान्य’ हे बटण दाबले पाहिजे. सरकारने अडीचशे कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत मंचावर नाव नोंदवायला सांगितले. नाव नोंदवणे आणि बिल मान्य करणे यांत मात्र फार अंतर आहे.

आता शेजारच्या दोन व्यवस्थांकडे पाहा. २००६ चाच कायदा सांगतो की माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरावे. जीएसटीत ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या बिल-व्यवस्थापन प्रणालीतही, खरेदीदाराने बिल नाकारले नाही किंवा बाजूला ठेवले नाही, तर ते मान्य धरून त्यावरच्या कराची वजावट त्याला मिळते. दोन्हीकडे मौन म्हणजे संमती. एकट्या ट्रेड्सवर मौन म्हणजे नकार.

ई-बिलाला सरकारी क्रमांक आहे, जीएसटीत त्याची मान्यता नोंदलेली आहे, ट्रेड्सचा मंच चालू आहे. या तिघांना जोडायला नवे संशोधन लागत नाही. ज्या बिलावर खरेदीदाराने कराची वजावट घेतली आणि ज्यावर पंधरा दिवसांत हरकत नोंदवली नाही, ते बिल ट्रेड्सवर आपोआप मान्य झालेले समजावे, एवढा एक नियम लागतो. मालात खोट असेल तर हरकतीला पंधरा दिवस आहेतच. तेवढ्या मुदतीत ज्याला खोट सापडली नाही आणि कराचा फायदा ज्याने घेतला, त्याने एकशेवीस दिवस बटणाला हात न लावता बसून राहावे, याचे कोणते कारण उरते? सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या एखाद्या उद्योजकाला मग फोनही करावा लागणार नाही, आणि आपली पुढची ऑर्डर जाईल या भीतीने गप्पही बसावे लागणार नाही, कारण मागणारा तो नसेल.